उजेडबाबांचं गोड तीर्थ

दर गुरुवारी चोपड्याहून निमखेड्याला जाणाऱ्या एस.टी.त पाय ठेवायला जागा मिळत नसे. एरवी त्या गाडीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि बाजाराहून परतणारी चार-दोन माणसं असायची. पण त्र्याण्णव साली कापसाची वेचणी सुरू झाली आणि त्याच सुमाराला निमखेड्यात उजेडबाबा प्रकटले. तेव्हापासून लोक टपावरही बसू लागले.

त्या गर्दीकडे पाहिलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरायची. तिच्यात पांढरं काहीच नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांनी जन्मभर धोतर-टोपीशिवाय काही अंगाला लावलं नाही, ते नातवांचे चॉकलेटी बुशशर्ट घालून अवघडून बसलेले. बायका लाल, जांभळ्या, काळ्या लुगड्यांत. बाबांचा तसा हुकूमच होता. पांढऱ्या कपड्याला म्हणे बाबांचं तेज सोसत नाही. शिवाय सकाळपासून अळणी उपास करायचा, मिठाला शिवायचंही नाही, आणि आत गेल्यावर मुठी घट्ट मिटून बसायचं. मूठ उघडली की रोग शेजारच्याला लागतो.

आणि रोग कुठला, तर कॅन्सर. बाबांकडे दुसरा रोगच नव्हता. गुडघा दुखला तरी गुडघ्याचा कॅन्सर, मान अवघडली तरी मानेचा. बाबा अंधाऱ्या खोलीत माणसाच्या अंगावर 'दिव्य उजेड' टाकायचे. जिथं कॅन्सर असेल तिथं निळी चमक दिसायची. मग ते मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या लाल फडक्यानं दृष्ट काढल्यासारखं करायचे, आणि चमक सगळ्यांच्या देखत विझायची. की झाला कॅन्सर बरा!

खोली म्हणजे गावच्या सुकदेव आबांची केळी पिकवायची वखार. खिडकी नाही, दाराला गोणपाटाचा जाड पडदा. एरवी त्या वखारीत हिरवी केळी जात आणि पिवळी होऊन बाहेर येत. आता आजारी माणसं जातात आणि ठणठणीत होऊन बाहेर येतात, असं आबा छाती पुढे काढून सांगत. बाबांना दक्षिणा नको होती, फक्त केळीची फणी वाहायची. ती आबांकडेच विकत मिळायची, आणि वाहिलेली फणी मागच्या दारानं पुन्हा आबांच्या टोपलीत जायची. एकेक फणी संध्याकाळपर्यंत किती जणांचा कॅन्सर बरा करत असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

एक अडचण मात्र होती. वीज गेली की दिव्य उजेडही जायचा. बाबांच्या तेजाला लोडशेडिंग लागू होतं. मग भक्त वखारीबाहेर भजन म्हणत वायरमनची वाट बघत बसायचे.

मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि पिंप्राळ्यात राहते. असले बाबा मी वर्तमानपत्रात वाचून सोडून देत असे. पण या बाबानं माझ्या घरात हात घातला होता.

माझी थोरली बहीण मंजुळा, म्हणजे आमची अक्का, निमखेड्यात दिलेली. दिवाळीला ती माझ्याकडे आली तेव्हा पाठीला उटणं लावताना माझा हात तिच्या छातीच्या कडेला लागला आणि तिथं बोराएवढी गाठ जाणवली. मी तिला तशीच दवाखान्यात नेलं. तिथल्या साहेबांनी पडदा न लावता, शिकाऊ पोरांच्या घोळक्यासमोर "काढा पदर" असं फर्मावलं. अक्का घामानं भिजली. तुकडा तपासायला गेला, आणि कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेवर सापडला होता, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल असं साहेबांनी सांगितलं आणि तारीख दिली. "वेचणीनं बघीसन येस," म्हणजे वेचणीचं बघून येते, असं म्हणून अक्का गावी गेली, ती आलीच नाही. आला तो तिच्या नवऱ्याचा, वना दाजींचा निरोप. ऑपरेशन रद्द कर, बाबांनी बरं केलं.

मी तशीच गाडीत बसले.

अक्का अंगणात कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती आणि चक्क हसत होती. दवाखान्यातून निघाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"लता, मी त्याले काहीच सांगं नही वं! एक सबद नही. तरी त्यानी उजेड टाका आनि जठे गाठ शे ना, बराबर तठेच चमकाले लागनं. मंग त्यानी मीठनं फडकं फिरावं आनि बठ्ठं इझी गयं. मी मना डोयांनी देखं."

"आनि पदर?" मी विचारलं.

"पदरले हात बी लावा नही त्यानी," अक्का म्हणाली, आणि हे सांगताना तिचा आवाज एकदम मऊ झाला.

तिथं मला सगळं कळलं. दवाखान्यात तिची लाज काढली होती. इथं अंधार होता, अंगावर लुगडं होतं आणि कोणी काही विचारत नव्हतं. बाबाकडे बायकांची एवढी रीघ का, त्याचं निम्मं उत्तर त्या साहेबांच्या न लावलेल्या पडद्यात होतं. मला बाबाइतकाच त्या साहेबांचाही राग आला.

"बरं, आते गाठ शे का नही? हात लायीसन देखं का?"

अक्का दचकली. "छे! बाबानी सांगेल शे, सव्वा महिना हात लावानं नही. हात लावा ते रोग परत येस."

वना दाजी ओट्यावरून म्हणाले, "बाबानं सांगेल मोडानं नही, लता. बिजलीबाई बी सव्वा महिना पाळी ऱ्हायनी."

बिजलीबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून अक्काच्या शेतात कापूस वेचायला यायची. तिच्या गळ्याला गाठ होती. अक्का बाबाकडे गेली तेव्हा तिलाही बरोबर घेऊन गेली होती. तिचाही उजेड विझला, आणि ती आनंदानं डोंगराकडे परत गेली.

सव्वा महिना! तोवर अक्काची गाठ वाढणार आणि बाबा तिसऱ्या तालुक्यात जाणार. भांडून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "मले बी पोटमा दुखस, अक्का. उद्या गुरुवार शे. मी बी बाबाकडे जास."

"देख! आते तुले बी बाबाच लागना," अक्का समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गडद निळी साडी नेसून रांगेत उभी राहिले. दाराशी बाबांचा पट्टशिष्य रतिलाल पळीनं तीर्थ देत होता आणि एकाच सुरात घोकत होता. "तीर्थ जमिनीवर सांडू नका. ज्याचं पाप जास्ती, त्याला तीर्थ कडू लागतं. पुण्यवानाला गोड लागतं. चला, पुढे चला."

रांगेतला एकेक जण तीर्थ तोंडात टाकायचा, डोळे गच्च मिटायचा, तोंड वाकडं व्हायचं, अंगावर काटा यायचा, आणि मग तो मोठ्यानं म्हणायचा, "गोड!" सुकदेव आबा तर दर गुरुवारी पहिलं तीर्थ घ्यायचे आणि "साखर शे, साखर!" असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, आबांना भक्तीचा उमाळा आला.

माझी पाळी आली. मी जिभेवर घेतलं आणि लहानपणात जाऊन पोचले. आमच्या माहेरी पावसाळ्यानंतर घरोघर हिवताप यायचा, आणि आई नाक दाबून कोयनेल, म्हणजे क्विनीन, पाजायची. ती कडू चव एकदा घेतली की माणूस विसरत नाही. निमखेड्यातल्या निम्म्या गावानं ती घेतलेली होती. पण आपण पापी आहोत हे सगळ्यांसमोर कोण कबूल करणार?

मी ते कसंबसं गिळलं आणि पुढच्यांकडे बघत राहिले. तीर्थ घेतल्यावर ओला हात कोणी झाडून टाकत नाही. डोक्यावरून फिरवतात, डोळ्यांना लावतात, आणि जिथं दुखतंय तिथं हळूच घासतात. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. ताईबाई नावाची एक म्हातारी माझ्यापुढे होती, तिनं ओला तळवा गुडघ्याला चोळला. तिच्यामागच्या पोरसवदा सुनेनं लाजत पदराआडून पोटाला लावला.

आत काळोख. बाबांच्या हातात काळ्या काचेचा, जांभळट दिसणारा दिवा होता आणि तो बारीक गुणगुणत होता. बाबा हिंदीतून बोलत. मूळचे धुळ्याकडचे म्हणे, पण अहिराणीतून चमत्कार लोकांना पटत नसावेत.

"अमरीका में करोड़ों की मशीन है! कॅन्सर पे रोशनी डालते हैं तो चमकता है. पेपर में छपा है!" बाबांनी कुठल्याशा कात्रणाला प्लॅस्टिक चढवून आणलं होतं, ते अंधारात हलवलं. अंधारात ते कोण वाचणार म्हणा! "वो मशीन क्या है? हमारे ऋषियों की आँख! और वो गोरे सिर्फ देखते हैं. हम देखते भी हैं, बुझाते भी हैं!"

दिवा ताईबाईच्या मानेपासून खाली फिरला आणि तिचा गुडघा निळा झाला. "घुटने का कॅन्सर!" बाबा गरजले. ताईबाई रडायला लागली. सुनेच्या लुगड्यावर पोटाशी निळा पंजा उमटला. बाबांनी कोणाला काही विचारलं नव्हतं, आणि विचारण्याची गरजही नव्हती. प्रत्येकानं आपलं दुखणं आपल्याच हातानं रंगवून आणलं होतं.

तेवढ्यात मला शिंक आली, मी पर्समधून रुमाल काढला, आणि माझा रुमाल पेटल्यासारखा लखलखला. पांढरा, कालच नवी धुण्याची पावडर टाकून धुतलेला. बायकांमध्ये "अगं बया!" झालं. रतिलाल धावत आला. "झाका ते, झाका! पांढरं चालत नाही म्हणून सांगितलंय ना!"

माझा रुमालही कॅन्सरचा पेशंट निघाला, तर!

जळगावला परतल्यावर मी औषधाच्या दुकानातून कोयनेलच्या गोळ्या आणल्या, शाळेच्या प्रयोगशाळेत कुटून पाण्यात टाकल्या आणि त्या विरघळाव्यात म्हणून लिंबू पिळलं. खिडकीच्या उन्हात तो ग्लास काळ्या कापडापुढे धरला, तर पाण्याच्या कडेला निळसर झाक खेळताना दिसली. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. काही पदार्थ ते किरण पितात आणि आपल्याला दिसणारा उजेड परत टाकतात. बाबांच्या काळ्या दिव्यातून असेच किरण निघतात, म्हणून अंधारात तीच झाक ठळक दिसते. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीतही असाच पदार्थ असतो.

राहिलं मीठ. अळणी उपास कशाला? मी ग्लासात चमचाभर मीठ टाकून ढवळलं. निळी झाक बघता बघता मेली. मिठातला क्लोराइड कोयनेलची चमक मारून टाकतो. सकाळी लोणचं-भाकर खाऊन आलेल्या खारट बोटांनी बाबांचा धंदा दारातच बसला असता, म्हणून तो उपास. आणि दृष्ट मिठानंच काढायची ही आपली जुनी रीत, त्यामुळे मीठ कशाला असा प्रश्न कोणाला पडायचाच नाही. माणूस लबाड होता, पण हुशार होता हे मला मान्य करावं लागलं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर सुनंदाबाईंना भेटले. त्या मुंबईला शिकून जळगावात शस्त्रक्रिया करायला लागल्या होत्या. मी आधी अक्काचा रिपोर्ट दाखवला आणि मग बाबांचं कात्रण खरं असू शकतं का ते विचारलं.

"त्याचं कात्रण खरं असेल," त्या म्हणाल्या. "परदेशात यावर काम चाललंय. पेशंटला शिरेतून एक औषध देतात. ते कॅन्सरच्या पेशींत बाकीच्या जागेपेक्षा जास्त रेंगाळतं. मग नळी घालून फुफ्फुसात किंवा मूत्राशयात ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की ती जागा लालसर चमकते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक गाठसुद्धा सापडते, ती कुठवर पसरली आहे याचा अंदाज येतो. उद्या कदाचित गाठ कोणत्या जातीची आहे हेही चमकेवरून ओळखता येईल."

"म्हणजे उजेड खोटा नाही."

"उजेड कधीच खोटा नसतो हो. पण नुसती सूज असली तरी ती जागा चमकते. म्हणून चमकलं की तिथला तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आपला उजेड आपल्याला फसवतोय का, हे ते लोक रोज तपासतात. तुमचा बाबा तपासतो का?" मग त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "बहिणीला आणा. लवकर आणा. मी पडदा लावून तपासेन. पडदा लावायला काय सोनं लागतं?"

पुढच्या गुरुवारी मी अक्काला सोबत घेतलं. पोटदुखीसाठी एकटी कशी जाऊ, म्हटलं. ताईबाई आणि ती पोरसवदा सूनही बाबांना फणी वाहायला पुन्हा आल्या होत्या.

रतिलालनं पळीभर तीर्थ दिलं. मी ते जिभेवर ठेवलं आणि वर्गात बोलते तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "कडू."

रांग वळून बघायला लागली. अक्कानं माझा दंड धरला. "लता!"

"कडूजहर आहे," मी म्हटलं.

"बाईंचं पाप मोठं दिसतंय!" रतिलाल ओरडला आणि लोक पोट धरून हसले.

"फार मोठं आहे. मग एका पळीनं काय धुतलं जाणार? ओंजळभर द्या." लोकांच्या हशात त्यानं दिलं. मी ते प्यायले नाही, दोन्ही तळहातांना चोपडलं आणि मुठी मिटून आत गेले.

बाबांच्या पाया पडायला आधी सक्त मनाई होती, उजेड विझल्यावरच पडायचं. का, ते आता मला ठाऊक होतं. दिवा लागला तशी मी "बाबा, मला वाचवा!" म्हणत पुढे झेपावले आणि त्यांचे दोन्ही पाय गच्च धरले. रतिलालनं मला ओढलं, पण तोवर बाबांच्याच हातातला दिवा खाली वळला होता. बाबांचे पाय निळेशार चमकत होते. माझं बोट न् बोट त्यांवर उमटलं होतं.

"अगं माय! बाबालेच कॅन्सर!" ताईबाई किंचाळली.

मला वाटलं, संपलं. पण बाबा मुरलेले होते. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डरो मत, बच्चों! तुम्हारा सबका रोग मैंने अपने शरीर पर ले लिया!"

"बाबा की जय!" वखार दुमदुमली. बायका हुंदके द्यायला लागल्या. मी हरले होते. रतिलालनं मिठाचं फडकं फिरवलं, बाबांचे पाय विझले आणि पुन्हा जयजयकार झाला.

त्या गोंगाटात मला अक्काचा हात सापडला. मी तिला जवळ ओढलं. मला प्रयोग, ग्लास, लिंबू काही आठवेना. मला फक्त ती गाठ आठवत होती.

"अक्का, तुना उजेड गया ना?"

"गया."

"गाठ गयी का?"

तिनं हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"हात लाव. आते. अंधार शे, कोनी देखत नही."

"हात मत लगाना!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "सवा महीना! रोग लौट आएगा!"

जयजयकार थांबला. काळोखात दिव्याची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. माझ्या शेजारी लुगडं सळसळलं. मग अक्काचा आवाज आला, अगदी बारीक.

"शे."



"तठेच शे," अक्का म्हणाली. "पहिलापेक्षा मोठी शे." आणि मग माझी गरीब, कोणाला उलट न बोलणारी बहीण उठली, चाचपडत दाराशी गेली आणि तिनं गोणपाटाचा पडदा दोन्ही हातांनी खेचून खाली पाडला.

आत ऊन आलं. ऊन आल्यावर बाबा फारच लहान दिसत होते. काळी कफनी, तेल लावलेली दाढी आणि हातात वायर लोंबणारा दिवा. ताईबाई उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. "मना गुडघा बी तसाच दुखस वं," ती रागानं म्हणाली. सुनेनंही पोटावर हात ठेवून "मनं बी" म्हटलं.

आम्ही बाहेर आलो. मी रतिलालचं तीर्थ ग्लासात ओतलं, माझी काळी छत्री उघडून तिच्यापुढे उन्हात धरलं आणि लोकांना निळी झाक दाखवली. मग बाबांच्याच ताटातलं मीठ त्यात टाकलं. झाक गेली.

"हे पाणी आहे," मी म्हटलं. "पाण्याला कॅन्सर होत नाही. आधी माझ्या रुमालाला झाला होता, तोही बरा आहे. सुकदेव आबा, तुम्ही दर गुरुवारी पहिलं तीर्थ घेता. खरं सांगा, चव कशी होती?"

आबांनी लोकांकडे पाहिलं, मग केळीच्या टोपलीकडे पाहिलं. "कडू," ते शेवटी म्हणाले.

"मले बी कडूच लागनं!" मागून कोणीतरी म्हणालं. "मले बी!" "मी ते ओकनू व्हतू घर जायीसन!" मग तर ज्यानं त्यानं आपलं पाप जाहीर करायला सुरुवात केली. इतके पापी लोक एका गावात आहेत हे निमखेड्याला त्या दिवशीच कळलं.

रतिलाल केव्हाच पळाला होता. चार-दोन जणांनी बाबांना घेरलं, तेव्हा त्यांची हिंदी एकाएकी गेली. "मारू नका रे भाऊ! मी धुयाकडना बन्सीलाल शे! तेलनी मिलमा शेंगदाना तपासत व्हतू!" शेंगदाण्याला लागलेली बुरशी या दिव्याखाली चमकते. तिथून काढून टाकल्यावर बन्सीलाल दिवा घेऊन निघाला होता. शेंगदाण्यांपेक्षा माणसं तपासणं त्याला सोपं गेलं.

"मारू नका," मी लोकांना म्हटलं. "त्यानं फसवलं, पण चव तुमच्या जिभेवर होती." हे लोकांना आवडलं नाही. पण मार वाचला आणि बन्सीलाल पोलीस पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी मी अक्काला घेऊन जळगावला आले. सुनंदाबाईंनी पडदा लावला, बाहेर दवाखान्यातल्या मावशीला बसवलं आणि आधी अक्काशी कापसाच्या गोष्टी केल्या. मग तिची परवानगी घेऊन हात लावला. ऑपरेशन झालं. स्तन काढावा लागला, पण काखेत रोग पसरलेला नव्हता. शुद्धीवर आल्यावर अक्कानं पहिलं विचारलं ते बिजलीबाईचं.

वना दाजी पाड्यावर गेले. बिजलीबाई आली नाही. तिचा सव्वा महिना भरला नव्हता, आणि तिनं तो इमानानं पाळला. गाठीला बोटसुद्धा लावलं नाही. भरल्यावर ती आली, तेव्हा गळ्याची गाठ लिंबाएवढी झाली होती आणि तिला गिळता येत नव्हतं. सुनंदाबाई तिला तपासून बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता हात धूत राहिल्या. होळीच्या आधी बिजलीबाई गेली.

ते कळलं तेव्हा मी अक्काजवळ होते. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तीर्थनी रांगमा ती मना मांगे उभी व्हती, लता. मले कडू लागनं व्हतं. पन मी गोड म्हनं. म्हनीसन ती बी गोड म्हनी."

मी तिची समजूत काढली नाही. खोटं बोलून समजूत काढायची माझी तयारी नव्हती.

अक्का आज बरी आहे. निमखेड्यात नदीवर, लग्नात, वेचणीला, जिथं चार बायका जमतील तिथं ती सांगते, की हात लावून बघा, गाठ असली तर शे म्हणा, आणि डॉक्टरनं पडदा लावला नाही तर मागून घ्या. मी वर्गात मुलींना कोयनेल आणि मिठाचा प्रयोग दाखवते. पण प्रयोगापेक्षा अक्काचं 'म्हनीसन ती बी गोड म्हनी' हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून तुम्हालाही सांगते. उद्या तुमच्या गावात कोणी नवा दिवा, नवी मशीन, नवं तीर्थ घेऊन येईल. येईलच. त्याचा उजेड कशाचा आहे ते तुम्हाला कदाचित कळणार नाही, पण जिभेवरची चव कळेल. कडू लागलं तर मोठ्यानं कडू म्हणा. रांगेत तुमच्या मागे कोणीतरी उभं असतं.